उन्हाळी सँडल दरवर्षी पायाला का लागते? पन्नाशीनंतरच्या पावलांसाठी दोष शोधणं आणि दुरुस्ती

चैत्रात हौसेनं घेतलेली सँडल अक्षय्य तृतीयेपर्यंत रॅकच्या खालच्या फळीवर जाऊन पडते आणि पायात पुन्हा तीच निळ्या पट्ट्यांची रबरी स्लिपर येते. माझे सलग पाच-सहा उन्हाळे असे गेले. दुकानात चार पावलं चालून बघितलेली, अगदी मापाची वाटलेली जोडी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी करंगळीवर फोड आणते. कधी अंगठ्याच्या बुडाशी लाल चट्टा उठतो, कधी संध्याकाळी पट्ट्यांचे खोल वळ दिसतात. गेल्या वर्षी रॅक आवरायला काढला तेव्हा अशा सात जोड्या निघाल्या. सगळ्या जवळजवळ नव्या.

मी सोलापूरची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 42 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे बंद बूट घालायचा विचारही नको वाटतो. एकतीस वर्षं शाळेत शहाबादी फरशीवर उभं राहून शिकवलं, आता वय 59. ओळखीच्या बायकांकडे चौकशी केली तर प्रत्येकीचं उत्तर एकच: "आता वय झालं, आता असंच चालायचं." ते मला पटलं नाही. त्या सातही जोड्या मी एकेक करून घातल्या, कुठे लागतात ते पाहिलं, दुरुस्तीवाल्या मामांना दाखवल्या, आणि कारण सापडलं. माझं पाऊल बदललं होतं आणि मी दुकानात जाऊन पस्तिशीतला नंबर मागत होते. रंग बदलले, दुकानं बदलली, पण नंबर तोच. सात जोड्यांपैकी चार थोड्या दुरुस्तीनं पायात आल्या, तीन देऊन टाकल्या. हे सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तुमचे पैसे आणि पाय दोन्ही वाचतील.

आधी पायावरच्या खुणा वाचा

नवी जोडी घ्यायला निघण्याआधी जी जुनी जोडी लागते तीच एक दिवस घाला. संध्याकाळी काढल्या काढल्या पाय उजेडात धरा आणि नीट बघा. पायाला मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर मात्र हा प्रयोग करू नका, त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

करंगळीच्या बाहेरच्या अंगाला लाल रेघ असेल तर सँडल अरुंद आहे. लांबीचा त्यात काही दोष नाही. अंगठ्याच्या बुडाचं हाड लाल झालं असेल तर पट्ट्याची शिवण किंवा कडा नेमकी त्या हाडावर येते. बोटांच्या टोकांना मार बसत असेल, बोटं तळाच्या बाहेर डोकावत असतील, तर पाय चालताना पुढे घसरतो आहे. पावलाच्या वरच्या भागावर पट्ट्यांचे खोल वळ असतील तर दिवसभरात पाय सुजतो आणि पट्ट्याला सैल व्हायला जागा नाही. आणि वरून एकही खूण नाही, पण तळवा जळजळतो किंवा टाच ठणकते, तर सगळा दोष तळाचा आहे. तिथे पट्टे बदलून काही होणार नाही.

माझ्या सातपैकी चार जोड्यांत करंगळीची रेघ होती. म्हणजे वर्षानुवर्षं मी एकच चूक विकत घेत होते.

नंबर 5 म्हणजे नेमकं किती?

वय वाढतं तसे पावलातल्या हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध थोडे सैल होतात. कमान जराशी खाली बसते, पाऊल लांबतं आणि पसरतं. टाचेखाली आणि बोटांच्या बुडाखाली जी चरबीची गादी असते ती पातळ होते. हे हळूहळू होतं, म्हणून लक्षात येत नाही. त्यात उन्हाळा. उष्म्यानं पायातल्या शिरा प्रसरण पावतात, संध्याकाळी पाऊल सकाळपेक्षा भरलेलं असतं. सकाळी अकरा वाजता दुकानात जाऊन घेतलेली सँडल संध्याकाळी सहाच्या पावलाला कशी बसणार?

माप घरी घ्या. संध्याकाळी सहानंतर, उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. खाली जाड पुठ्ठा ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. आपण स्वतः वाकून काढली की वजन एका बाजूला सरकतं आणि माप चुकतं. माझं माप सूनबाईनं काढलं. डावं पाऊल 24.3 सेंटिमीटर, उजवं 23.8. दोन पायांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. असा फरक बहुतेकांना असतो, आणि सँडल मोठ्या पावलाच्या मापानंच घ्यायची असते.

मग तो पुठ्ठा कात्रीनं कापला आणि जुन्या सँडलवर ठेवला. लांबीला बरोबर बसला, पण रुंदीला दोन्ही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर बाहेर. सूनबाई म्हणाली, "आई, हे तर पाय पाटावरून सांडल्यासारखं दिसतंय." खरंच तसं दिसत होतं.

तेव्हापासून ते दोन पुठ्ठे माझ्या पिशवीत असतात. दुकानात सँडल पायात घालायच्या आधी मी पुठ्ठा तळावर ठेवते. पुठ्ठा कुठेही बाहेर आला की ती जोडी परत. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. दुकानदार आधी चमकून बघतात, मग स्वतःच रुंद तळाच्या जोड्या काढून देतात.

आता नंबराचं गणित. आपल्याकडे बायकांच्या चपलांवर बहुधा ब्रिटिश नंबर असतो. त्यात एका नंबरानं लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपीय नंबर, म्हणजे 37, 38, 39, त्यात एकेक पायरी साधारण पावणेसात मिलिमीटरची. म्हणून 5 घट्ट आणि 6 सैल असं होत असेल तर युरोपीय नंबर असलेली जोडी घालून बघा, मधलं माप मिळण्याची शक्यता असते.

सगळ्यात मोठी चूक मी इथेच करत होते. अरुंद वाटलं की एक नंबर मोठा घ्यायचा. लांबी वाढली की रुंदी थोडी वाढते खरी, पण जेवढी हवी तेवढी नाही. उलट पाय आत पुढे-मागे सरकायला लागतो, सँडल जिथे वाकते ती जागा बोटांच्या बुडापुढे जाते आणि बोटं चप्पल धरून ठेवायला आकडा करतात. पोटऱ्या दुखतात त्या याच्यामुळे. रुंदी हवी असेल तर रुंदीच मागा. 'ब्रॉड फिटिंग' हा शब्द दुकानात चालतो.

यात आपल्या पावलांचा काही दोष नाही, हेही आवर्जून सांगते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. भारतीय पावलं युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत असं त्यातून दिसलं आणि त्यावरून 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धत पुढे आली. ती दुकानांत रुळेपर्यंत पुठ्ठा आहेच.

मामांची तपासणी

आमच्या चौकात चपला दुरुस्त करणारे मामा बसतात. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला ते बाईच म्हणतात. सात जोड्यांची पिशवी त्यांच्यापुढे उलटी केली, तर त्यांनी आधी पट्ट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिली सँडल उचलली, पुढचं टोक आणि टाच दोन्ही हातांत धरली आणि वाकवली. ती बरोबर मध्यावर मोडली.

"बाई, पाऊल हितं मोडतंय का सांगा."

पाऊल बोटांच्या बुडाशी वाकतं. सँडलही तिथेच वाकली पाहिजे. मध्यावर दुमडणारी सँडल कमानीला काहीच आधार देत नाही. मग त्यांनी दुसरी घेतली आणि ओला टॉवेल पिळावा तशी पिळली. ती पूर्ण फिरली. तीही बाजूला. तिसरीच्या टाचेवर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि तसाच राहिला. फोम मेला होता. एवढ्या तीन हालचालींत सात जोड्यांच्या दोन राशी झाल्या: होणाऱ्या आणि न होणाऱ्या. तेव्हापासून मी दुकानात याच तीन गोष्टी करते: वाकवणं, पिळणं, अंगठ्यानं दाबणं.

होणाऱ्या चार जोड्यांना त्यांनी काय केलं ते सांगते, कारण हे कुठल्याही चौकात करून मिळतं. एकीच्या पट्ट्याला दोन भोकांच्या मध्ये आणखी एक भोक पाडलं. बकलाच्या दोन भोकांमधलं अंतर मोठं असतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं असं वापरायला मधलं भोक फार उपयोगी पडतं. दुसरीच्या बकलामागे इंचभर इलास्टिक घातलं. आता ती बकल न काढता पायात जाते. गुडघे दुखत असताना रोज वाकून बकल लावणं हे स्वतंत्रच दुखणं असतं, आणि याच कारणानं कितीतरी बायका चांगली सँडल सोडून स्लिपर घालतात. तिसरीची शिवण अंगठ्याच्या हाडावर येत होती. मामांनी पट्टा तळाच्या फटीतून सोडवला, पाव इंच मागे सरकवला, आतून मऊ चामड्याचा तुकडा लावला आणि पुन्हा शिवला. आरीनं एकेक टाका घालताना ते दर टाक्याला अंगठा फिरवून बघत होते, गाठ आतल्या बाजूला येत नाही ना म्हणून. चौथीला नुसता रबरी तळ लावला, ती फरशीवर घसरायची.

चारही जोड्यांचे मिळून एका नव्या सँडलच्या निम्मेही पैसे झाले नाहीत.

कोल्हापुरी चावते तेव्हा

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण आमचा जिल्हाही या चपलेच्या मुलखात येतो. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांना मिळून: आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकात बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या कार्यक्रमात अगदी तशीच सँडल दिसली, आपल्या कारागिरांचं नाव न घेतल्याबद्दल इथे मोठा गदारोळ झाला आणि मग कंपनीनं प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. तेव्हापासून तरुण मुलीही कोल्हापुरीकडे वळलेल्या दिसतात, आणि आपल्याला कपाटातली जुनी जोडी काढायला तेवढंच निमित्त.

खरी कोल्हापुरी सुरुवातीला लागते, आणि का लागते ते समजून घेतलं की तिचा राग येत नाही. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं असतं. असं चामडं घट्ट असतं, पण पायाची ऊब आणि थोडा घाम मिळाला की ते पायाचाच आकार घेतं. पंधरा दिवसांनी तळावर तुमच्या पाच बोटांचे ठसे दिसतात. तो धीर धरला नाही की फोड येतात.

पद्धत अशी. चपलेचा पट्टा, अंगठा (पायाचा अंगठा अडकतो तो फास) आणि कान (दोन्ही बाजूंचे पाळे) यांच्या आतल्या बाजूला कापसाच्या बोळ्यानं एरंडेलाचा किंवा खोबरेलाचा अगदी पातळ हात द्या आणि रात्रभर ठेवा. तेल ओतू नका, चामडं काळं पडतं आणि पाय तेलकट होतो. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी अर्धा तास घरातल्या घरात घाला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या जागी औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावा. तीन दिवसांनी एक तास, आठवड्यानं बाजारापर्यंत. पाण्यात भिजवून मऊ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भिजलेलं चामडं वाळताना आणखी कडक होतं आणि तळाचे थर सुटायला लागतात.

महिना झाला तरी पट्टा तसाच कडक असेल तर बहुधा ते चामडंच नाही. कापलेली कडा बघा. चामड्याच्या कडेला तंतू तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला कापडाचे धागे. रेक्झिनची कोल्हापुरी दिसायला कितीही छान असली तरी ती कधीच सैल होत नाही आणि घामानं आतून चिकट होते.

पन्नाशीनंतर कोल्हापुरी घालायची तर दोन बदल करून घ्या. तळाला रबराचा पातळ थर, कारण नुसता चामड्याचा तळ टाइल्सवर घसरतो. आणि पातळ तळाऐवजी जाड तळ किंवा आत गादी घातलेली जोडी. अशा गादीच्या कोल्हापुरी आता सर्रास मिळतात. वेणी आणि गोंडा तसाच असतो, वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. तरीही टाच दुखत असेल त्या दिवसांत कोल्हापुरी बाजूला ठेवा. तिला मागून पट्टा नाही, कमानीला आधार नाही.

सकाळचं पहिलं पाऊल दुखतं

झोपेतून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं, दहा-वीस पावलांत कमी होतं, दुपारी विसरायला होतं आणि संध्याकाळी परत. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा जो चिवट पट्टा तळव्यात असतो, त्याच्या टाचेकडच्या मुळाशी ही दुखापत असते. उन्हाळ्यात ती वाढते याचं एक कारण म्हणजे सपाट, पातळ चपला. दुसरं कारण घरात आहे. गार वाटतं म्हणून आपण दिवसभर फरशीवर अनवाणी वावरतो. टाचेखालची गादी पातळ झालेली, वर कडक फरशी.

अगदी सपाट चप्पल म्हणजे आरामाची, हा गैरसमज आधी काढून टाका. टाच पंजापेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर उंच असली की पोटरीचा ताण कमी होतो आणि तळव्यावरची ओढही. अर्थात रुंद टाच, पेन्सिलीसारखी नव्हे. घरात वेगळी मऊ चप्पल ठेवा. स्वयंपाकघरात आणि देवघरात बाहेरची चप्पल चालत नाही, म्हणून मी पांढरी जोडी केवळ घरासाठी घेतली आहे, ती उंबऱ्याबाहेर जात नाही.

अंथरुणातून उतरण्याआधी टॉवेल पंजामागून घेऊन बोटं आपल्याकडे ओढून धरा. मग भिंतीला हात टेकून एक पाय मागे सरळ ठेवून पोटरी ताणा. प्रत्येकी तीस सेकंद, तीन वेळा. फ्रीजमध्ये बर्फ केलेली पाण्याची बाटली संध्याकाळी पाच मिनिटं तळव्याखाली फिरवा. मला फरक पडायला दीड महिना लागला. एवढं करूनही दुखणं तसंच असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पट्ट्यांचे वळ आणि सूज

गेल्या मेमध्ये लातूरला लग्न होतं. माझ्या वन्संनी नवी सोनेरी सँडल घातली होती, सकाळी हळदीच्या वेळी अगदी शोभून दिसत होती. दुपारी पंगतीपर्यंत पट्टे मांसात रुतले आणि त्यांनी अक्षतांच्या वेळी सँडल काढून खुर्चीखाली ठेवली. घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं. त्या रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेत होत्या. त्या गोळीनं काहींच्या घोट्यांवर सूज येते आणि उन्हाळ्यात ती जास्त जाणवते. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

साध्या, उन्हानं येणाऱ्या सुजेसाठी निदान एक पट्टा सैल करता येईल अशीच सँडल घ्या. दोन बकलांची, किंवा चिकटपट्टीची, म्हणजे वेल्क्रोची. वेल्क्रोबद्दल एक सावधगिरी. त्याची खरखरीत बाजू जरा जरी उघडी राहिली तरी साडी धरते. माझ्या इरकलीचा काठ तसाच ओढला गेला, दोन धागे निघाले. पट्टा लावल्यावर खरखरीत बाजू पूर्ण झाकली जाते का ते दुकानातच बघा. उघडा राहत असेल तेवढा तुकडा मामांकडून कापून घ्या.

एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर तो चपलेचा विषय नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

भेगा

उघड्या मागच्या चपलेत टाच बाजूंनी पसरते आणि कोरडी त्वचा त्या ताणानं फाटते. पाळी गेल्यानंतर त्वचा आधीच कोरडी झालेली असते. रात्री पाय धुऊन, कोरडे करून युरिया असलेलं मलम लावा आणि वरून सुती मोजे. कोकणातल्या घरांत कोकमतेल लावतात, तेही छान काम करतं. ब्लेडनं सोलणं मात्र कुणीच करू नका. आणि सँडल अशी घ्या जिच्या तळाला टाचेभोवती जराशी उचललेली कड आहे. टाच त्या वाटीत बसली की पसरत नाही.

मधुमेह असेल तर

इथे नियम वेगळे. पायाला संवेदना कमी असेल तर फोड आला तरी कळत नाही, म्हणून "घालून बघू, सवय होईल" हे चालणार नाही. अंगठ्याची चप्पल टाळा, मागे पट्टा असलेलीच घ्या. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, एमसीआर म्हणून मिळणाऱ्या चपला डॉक्टर सुचवतात. पूर्वी त्या अगदी दवाखान्यातल्यासारख्या दिसत; आता तपकिरी, बिस्किटी रंगांत, जाळीच्या पट्ट्यांच्याही मिळतात. रोज रात्री तळवे आरशात बघा, आणि सँडल घालण्याआधी आत हात फिरवा, खडा किंवा खिळा नाही ना.

आणि देवळातली फरशी. मे महिन्यात दुपारी आमच्या सिद्धेश्वराच्या आवारात पाय ठेवला की चटका बसतो, तेव्हा आपण उडी मारून सावलीत जातो. ज्यांना चटका कळत नाही त्यांचे तळवे तिथे भाजतात. दर्शनाला सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा.

मग छान दिसणारं घ्यावं तरी काय?

आता मनापासून आवडणारा भाग. गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत ज्या फॅशन आल्या आहेत त्यातल्या बऱ्याच आपल्या पावलांना सोयीच्या आहेत. पूर्वी आराम हवा तर काळी, जाड, आजारी दिसणारी चप्पल घ्यावी लागे. तसं आता नाही.

माझी पहिली पसंती जाळीसारख्या विणलेल्या पट्ट्यांच्या, पुढून झाकलेल्या सँडलला, तिला फिशरमन सँडल म्हणतात. भार अनेक पट्ट्यांवर वाटला जातो, वारा लागतो, आणि बोटं किंवा नखं दाखवायला नको वाटत असतील तर ती झाकलेली राहतात. सुती कुर्त्यावर फार सुरेख दिसते. दुसरी, बुचाच्या तळाची दोन बकलांची. तिचा तळ मुळातच रुंद आणि टाचेला वाटी असलेला असतो. वरचा थर उलट्या चामड्याचा, म्हणजे स्वेडचा असेल तर घाम शोषला जातो आणि पाय पुढे घसरत नाही. तिला मागून पट्टा नसतो, म्हणून लांब चालायला मी नेत नाही.

साडीवर रुंद टाचेची, एक ते दीड इंचाची, मागून पट्टा असलेली सँडल. फिकट सोनेरी किंवा तांबूस सोनेरी रंग एकदा घेऊन बघा. काठ कुठल्याही रंगाचा असो, एकच जोडी सगळ्या साड्यांवर जाते. मात्र साडी नेसण्याआधी सँडल पायात घाला, नाहीतर निऱ्या इंचभर वर राहतात. पावलावर एक पट्टा असलेल्या मेरी जेन चपट्या जोड्या सध्या खूप चालतात आणि त्या पावलाला धरून ठेवतात; पण तळ हमखास पातळ असतो, वाकवून आणि दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका. ज्यूटच्या तळाच्या एस्पाड्रिल हलक्या आणि थंड, पण वळवाचा एक पाऊस आणि त्या संपल्या. जाड, सरसकट उंच तळाच्या सँडल मी आपल्या वयाला सुचवणार नाही. रस्त्यातला खड्डा पायाला कळत नाही आणि घोटा मुरगळतो.

फोमच्या, म्हणजे ईव्हीएच्या चपला हलक्या असतात, धुता येतात, माझ्याही आहेत. त्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. गरमीनं आकसतात आणि मग तीच चप्पल "लहान झाली" असं वाटतं. फोमला रोज वापरात विश्रांतीही लागते, म्हणून दोन जोड्या आलटून पालटून घाला.

कपाटातली सँडल अचानक तुटते

शेवटची तक्रार, पुष्कळ जणी करतात. दोन वर्षं डब्यात नीट ठेवलेली सँडल लग्नाला काढावी आणि हॉलच्या पायरीवर तळाचा भुगा व्हावा. हा पॉलियुरेथेनच्या तळाचा गुण आहे. हवेतल्या दमटपणानं तो आतून विरत जातो, न वापरता ठेवला तरीही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडली की आणखी लवकर. जुनी जोडी समारंभाला घालण्याआधी दोन दिवस घरात घालून चाला आणि तळाला नखानं दाबून बघा. चुरा निघाला तर मामांकडे नवा तळ लावायला द्या, वरचे पट्टे बहुधा चांगले असतात.

मृग लागायच्या आत मी उन्हाळी जोड्या कोरड्या फडक्यानं पुसते, सावलीत दिवसभर वाऱ्याला ठेवते, आत वर्तमानपत्राचे बोळे घालते आणि जुन्या सुती साडीच्या पिशव्यांत भरून वरच्या फळीवर ठेवते. दोन्ही पुठ्ठे त्याच पिशवीत जातात. पुढच्या चैत्रात ते पुन्हा नव्यानं काढायचे, कारण वर्षभरात पाऊल पुन्हा थोडं बदललेलं असतं.